नवव्या मुद्द्याची दुरुस्ती

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी ते उलटसुलट करून बघशील, कारण मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. आई बरी आहे. तिची तब्येत, तिची भूक आणि तिची जीभ, तिन्ही उत्तम चालू आहेत, तेव्हा काळजीचं कारण नाही. गेल्या दोन वर्षांत तुझंमाझं बोलणं आईच्या औषधांपलीकडे गेलेलं नाही आणि तुझे निरोप ‘मॅडम’ या शब्दाने सुरू होतात. त्यामुळे हे फोनवर जमलं नसतं. फोनवर मी चार वाक्यांत आटोपते आणि तू तीन. लिहिताना मला निदान क्रमाने जाता येतं. क्रम असा: आधी शेगडी, मग आई, मग एक दुरुस्ती आणि शेवटी विनंती. मधलं सोडून थेट शेवटावर जाऊ नकोस. तू जाणार हे माहीत आहे, तरी सांगून ठेवलं.

मी घर घेतलं हे आईने तुला सांगितलं असेलच. उतारावरचं जोडघर, त्यातला डावा भाग माझा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर माळा. मोठी खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही, नुसती कमान आहे. इथे थंडी लवकर येते आणि जायचं नाव घेत नाही, म्हणून मी लाकडं जाळायची, पाच किलोवॅटची लोखंडी शेगडी घेतली आणि ती स्वतः बसवायची ठरवली. तुला विचारता आलं असतं. शेगड्या बसवणारा सख्खा भाऊ एका दिवसाच्या बसप्रवासावर असताना कोणीही शहाणी मुलगी विचारेल. मी विचारलं नाही, कारण तू ‘मॅडम’ म्हणाला असतास आणि शिवाय आलाही असतास. दोन्ही मला नको होतं.

पहिले दोन आठवडे मी फक्त मोजलं. जमीन लाकडी फळ्यांची आहे, म्हणून शेगडीखाली दगडी लादी घातली, तिच्या दारापुढे तीस सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना पंधरा. मागची भिंत विटांची, पण आधीच्या मालकाने तिच्यावर लाकडी पट्ट्या ठोकून ती देखणी केली होती; त्या सगळ्या उपटल्या. खोलीतला धुराचा पाइप पंधरा सेंटिमीटर व्यासाचा आहे, तेव्हा लाकडापासून त्याच्या तिप्पट अंतर, पंचेचाळीस. माळ्यातून आणि छपरातून जाणारा पाइप दुहेरी भिंतीचा घेतला आणि त्याच्याभोवती तुळयांपासून सहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडली. शेजारी एक निवृत्त पोस्टमन काका आहेत. त्या फटीतून उंदीर येतील, तिथे कापूस कोंब, असा त्यांचा आग्रह होता. तापलेल्या पाइपाभोवती कापूस! मी त्यांना कारण समजावलं, तर म्हणाले, बरं, मग जुने कपडे कोंब.

छपरावर मी चार तास होते, कमरेला दोर बांधून. पाइपाचं तोंड आढ्याच्या साठ सेंटिमीटर वर न्यायचं होतं. काका खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि दर दहा मिनिटांनी ओरडत होते, “पोरी, आहेस ना?” मी पडले असते तर आवाज आला असता, असं मी त्यांना वरून सांगितलं. त्यांना ते उत्तर आवडलं नाही, पण खुर्ची त्यांनी हलवली नाही. खाली उतरल्यावर मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला, शेगडीपासून दोन मीटरवर, डोक्याच्या उंचीला. बाहेरची हवा आत यायला भिंतीत झरोका पाडला. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. तुला माहीत आहे, हे वर्षातून एखाद्या वेळेला होतं.

आता चूक. माझं काम इस्पितळांमधल्या हवेच्या नळ्या आखायचं. त्या कामात हाताला एक सवय लागते. हवा ज्या दिशेने वाहते त्या दिशेला नळीचं निमुळतं टोक ठेवायचं आणि ते पुढच्या नळीच्या रुंद तोंडात सारायचं, म्हणजे वारा सांध्यावर आपटत नाही. धूर वर जातो, म्हणून मी निमुळती टोकं वर केली. दुहेरी पाइपावर कारखान्याने बाण छापलेला होता, तिथे चुकायची सोयच नव्हती. खोलीतल्या साध्या काळ्या पाइपावर बाण नव्हता. त्याचं रुंद तोंड शेगडीच्या गळ्यात बसेना, तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. दुकानातून खास जोडतुकडा मागवला. दुकानदार म्हणाला, अकरा वर्षांत हा तुकडा कोणी मागितलेला नाही. माझ्या मनात आलं, म्हणजे अकरा वर्षांत कोणी नीट काम केलेलं नाही. वाचताना हसत असशील तर हस, हे वाक्य मी त्यासाठीच ठेवलं आहे.

मग आई आली. शेगडीसमोर उभी राहिली, पाइपाकडे खालून वर, वरून खाली बघितलं, “छान” म्हणाली आणि चहा मागितला. मी रोज संध्याकाळी चाचणीपुरता थोडा जाळ करत होते. चौथ्या दिवशी मधल्या सांध्यातून डांबरासारखा काळा थेंब आला आणि लादीवर पडला. दुसरा आईच्या पांढऱ्या मोज्यावर. तिने विणकाम न थांबवता सांगितलं, “उलटे बसलेत ना ते पाइप.” कधी कळलं, मी विचारलं. म्हणाली, “आल्या आल्या.” मग बोलली का नाहीस? तर अगदी निरागस चेहऱ्याने, “मला वाटलं, शिकलेल्यांची नवीन पद्धत असेल!” आणि मग मला शेजारी बसवून तिने ते समजावलं, जे मला पाच वर्षांच्या अभ्यासात कोणी समजावलं नव्हतं. धूर वर जातो तो जातोच, त्याची काळजी करायची नसते. धुरातला ओलावा थंड होऊन काजळी घेऊन खाली येतो, त्याला पाइपाच्या आत ठेवायचं असतं. म्हणून वरच्या पाइपाचं निमुळतं टोक खालच्याच्या तोंडात. तुमचे बाबा जन्मभर हेच सांगत आले, म्हणाली, तू तेव्हा विटा मोजत होतीस.

एवढ्यावर थांबली असती तर ती आई कसली? तिने लाकडांकडे मोर्चा वळवला. दोन ओंडके हातात घेऊन एकमेकांवर आपटले, कान देऊन ऐकलं आणि जाहीर केलं की ओले आहेत. मी ओलावा मोजायचं यंत्र लावून दाखवलं: एकोणीस टक्के, म्हणजे वाळलेले. तिने त्या आकड्याकडे असं बघितलं जसं शेजारणीच्या पाहुण्याकडे बघतात, आणि म्हणाली, “फोड की.” मी ओंडका फोडला आणि आतल्या बाजूला यंत्र लावलं. अठ्ठावीस. यंत्र दोन्ही वेळा खरं बोललं होतं. पहिल्यांदा मी त्याला सालीशी नेऊन विचारलं होतं, एवढंच. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

रविवारी मी खोलीतले सगळे पाइप उतरवले, सुलटे केले आणि तो खास जोडतुकडा खिडकीत ठेवला. आई आता त्यात विणकामाच्या सुया ठेवते. पाइप पुसताना माझं तोंड, केस, कोपरापर्यंत हात, सगळं काळं झालं होतं. आईने आरसा आणून समोर धरला आणि मला तू आठवलास. मी पाच वर्षांची असताना विझलेल्या शेगडीत फुंकर मारली होती आणि सगळी राख माझ्या तोंडावर आली होती. तेव्हा तू मला बाबांसमोर उभी करून म्हणाला होतास, बाबा, ही बघा आपली नवी फुंकणी. त्यानंतर शाळेतल्या हजेरीपटाशिवाय माझं खरं नाव कुठेच उरलं नाही. बाबा छपरावरचं धुराडं बांधत होते ते वर्षही मला आठवतं. तू चुना-वाळू कालवून शिडीवरून वर देत होतास आणि मी अंगणात बसून विटा मोजत होते. छपराच्या वर अकरा थर. शेवटच्या थराला बाबांनी खाली बघून विचारलं होतं, “किती झाले गं?” मी अकरा म्हटल्यावर ते म्हणाले होते, ही म्हणते म्हणजे अकराच. बाबा गेल्यावर तू त्यांची हत्यारं उचललीस आणि मी पुस्तकं. कोणी काय उचलायचं हे तूच ठरवलं होतंस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलेलं नाही. आत्ताही म्हणत नाही, फक्त नोंद करते.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुला ती माहीत आहे, पण मला ती माझ्या बाजूने, मोजून मांडायची आहे. पहिली नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा घरी आले तेव्हा माझ्या बॅगेत दोन वस्तू होत्या: धुराडं धूर किती जोराने ओढतं ते मोजायचं नवं मीटर, आणि आईच्या स्वयंपाकघरासाठी भिंतीत बसवायचा मोठा पंखा. आल्या दिवशीच मी तो बसवून दिला. दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सहा वर्गांसाठी शेगड्या हव्या होत्या. तू त्यांना आपल्या शेगडीपुढे बसवलंस आणि म्हणालास, “हे बाबांचं धुराडं आणि ही माझी इंजिनीअर बहीण. दोन्ही बघून घ्या.” मला म्हणालास, मोज गं, त्यांना आकडा दाखव. मी मोजलं. ओढ बारा पास्कल हवी होती, चार आली. मी तशीच वाचून दाखवली. मग कोणी मागितलेली नसताना नऊ मुद्द्यांची यादी केली. लादी आखूड, शेगडीचं दार घट्ट बसवणारी दोरी झिजलेली, लाकडांचा ढीग फार जवळ, अलार्म नाही, असे आठ मुद्दे. ते खरे होते आणि तू त्याच संध्याकाळी दुरुस्त केलेस. नववा मुद्दा: धुराड्याची उंची अपुरी, पुन्हा बांधावं. मुख्याध्यापिका “विचार करून कळवते” म्हणाल्या आणि त्यांनी कधीच कळवलं नाही. तू माझ्याशी भांडला नाहीस. पुढच्या आठवड्यात तू बाबांचे अकरा थर उतरवलेस आणि पंधरा बांधलेस. आईने फोनवर ते सांगितलं, तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, छान, नियमाप्रमाणे झालं. त्याच महिन्यात तुझ्या निरोपात मी पहिल्यांदा ‘मॅडम’ झाले. त्याचं कारण मी स्वतःला सांगितलं की तुला सत्य सोसत नाही. दोन वर्षं मी त्या कारणावर आरामात राहिले.

गेल्या बुधवारी, पाइप सुलटे केल्यावर, आतूनही वाळलेली लाकडं विकत आणून मी नीट जाळ केला. ओढ मोजली: बारा. अर्ध्या तासाने पुन्हा बारा. मी वहीत लिहीत होते आणि आई मासे तळायला गेली. तिने पंखा लावला; तिच्याकडे दिला होता तसाच मी इथेही भिंतीत बसवला होता. शेगडीच्या दारातून धुराचा लोट खोलीत आला, मीटर बारावरून तीनवर उतरलं आणि थोड्या वेळात अलार्म असा काही कोकलायला लागला की पोस्टमन काका बिनचपलेचे धावत आले. आईने पंखा बंद केला, मी खिडक्या उघडल्या आणि पाच मिनिटांत मीटर पुन्हा बारावर गेलं. कारण साधं आहे. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. माझा झरोका पुरला नाही आणि धुराडं उलटं वाहायला लागलं. इस्पितळांच्या हवेचा हिशोब मांडणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. मी तसं म्हणाले, तर आई तळणीवर लक्ष ठेवून सहज बोलून गेली, “तिकडेही असंच व्हायचं. मी तळायला घेतलं की तुझा दादा ओरडतोच, पंखा बंद कर म्हणून.”

एवढं बोलून तिने जीभ चावली. मी विचारलं, त्या दिवशी, मुख्याध्यापिका आल्या होत्या त्या दिवशी, तू काय करत होतीस? “पाहुणी आली होती, उपाशी पाठवणार होते का मी? मासेच तळत होते.” मग मी तिला उठू दिलं नाही आणि बाकीचं काढून घेतलं. धुराडं चार थर वाढवल्यावरही ती तळायला लागली की खोलीत धूर यायचा. मग तू दोन दिवस शेगडीसमोर मांडी घालून बसलास. आता लाव म्हणायचास, आता बंद कर. दुसऱ्या दिवशी तू उठलास, एका कागदावर ‘शेगडी पेटलेली असताना लावू नये’ असं लिहून पंख्याच्या बटणापाशी चिकटवलंस आणि आईला सांगितलंस, “फुंकणीला कळवू नकोस. नवी नोकरी आहे तिची, उगाच प्रत्येक आकड्याला घाबरायला लागेल.” म्हणजे ‘मॅडम’ हे मला तोंडावर म्हणायचं नाव होतं. माझ्या पाठीमागे मी फुंकणीच होते. दादा, बुधवारचे मासे करपले.

या पत्राचं कारण आता सांगते. नववा मुद्दा चुकीचा होता. बाबांच्या धुराड्यात कोणताही दोष नव्हता. दोष मोजणीत होता, आणि मोजणी मी केली, मीच आणलेला पंखा चालू असताना. तुला हे दोन वर्षांपासून माहीत आहे हे मला आता माहीत आहे, तरी ते माझ्याकडून लेखी असायला हवं. सोबतच्या कागदावर जुनी यादी आहे. नवव्या मुद्द्यावर रेघ मारून खाली कारण आणि सही केली आहे. त्याचीच एक प्रत मुख्याध्यापिकांना पाठवली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. अकरा थर मला परत बांधून देता येणार नाहीत. तू माझ्याशी का भांडला नाहीस याचा मी आठवडाभर विचार केला आणि मला एकच उत्तर सापडलं: मी म्हणते म्हणजे चारच, असं तू धरून चाललास. मीटरवर तुझा विश्वास नव्हता, तो माझ्यावर होता. मला माफ कर. आता विनंती. माझ्या घरातला पंखा मी काढून ठेवला आहे आणि बुधवारपासून शेगडी थंड आहे. इथल्या नियमाप्रमाणे घरमालकाने स्वतः बसवलेली शेगडी परवाना असलेल्या कारागिराने तपासून सही केल्याशिवाय वापरता येत नाही. गावात असे दोघे आहेत आणि दोघांनाही वेळ आहे. मी त्यांना बोलावलेलं नाही; परवाना तुझ्याकडेही आहे. आई स्वेटरवर स्वेटर चढवून बसली आहे, दिवसभर मला ऐकवते आहे, आणि न्यायला तू आलास तरच परत जाईन म्हणते. शनिवारी सकाळची बस पकड. नऊ दोष निघाले तर नऊ लिही, पोस्टमन काकांच्या समोर मोठ्याने वाचलेस तरी चालेल. मीटर आणू नकोस, माझ्याकडे आहे. ते कधी आणि कुठे धरायचं, ते तू सांग.

तुझीच,
फुंकणी